पिनेचा दुसरा पाय

नातीचे पुढचे दोन दात पडले, ती पहिलीत गेली आणि ताईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, हे सगळं एकाच वर्षात. त्याच वर्षी सुनेनं माळा रिकामा करायला काढला.

रविवारी सकाळी फोरमन केस कापून घरी आले, तर बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. लाकडी कॉटच्या जाळ्या, जेवणाची उंच खुर्ची, वॉकर, खेळण्यांच्या तीन पिशव्या आणि मधोमध बाबागाडी. सून जमिनीवर बसून यादी करत होती. मुलगा पिशव्यांच्या गाठी सोडत होता. नात वॉकरमध्ये बसायचा प्रयत्न करत होती आणि अडकली होती.

फोरमन म्हणजे नातीचे आजोबा. बसच्या डेपोत तेहतीस वर्षं काढली, शेवटची चौदा फोरमन म्हणून. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी सगळी गल्ली त्यांना फोरमनच म्हणे, आणि ते ऐकत नसले की घरातलेही म्हणत. डेपोत त्यांना रागवण्याचा पगार मिळायचा. आता ते फुकट रागवत. त्यांची बायको जाऊन सात वर्षं झाली होती. तेव्हापासून थोरली बहीण त्यांच्याकडे राहायला आली होती आणि घरात त्यांच्यावर रागवणारं तेवढं एकच माणूस होतं. तिला सगळे ताई म्हणत, नातसुद्धा.

"हा काय बाजार मांडलाय?" फोरमननी दारातूनच विचारलं.

सुनेनं समजावून सांगितलं. मोठ्या रस्त्यावर एक दुकान निघालं होतं. लहान मुलांच्या वापरलेल्या वस्तू तिथे नेऊन ठेवायच्या, दुकानवाली त्यांना चिठ्ठ्या लावून मांडते, विकल्या गेल्या की आपला हिस्सा देते. घरातली अडगळ कमी होते आणि कुणाच्या तरी लेकराला उपयोग होतो. बोलता बोलता तिनं यादीचा कागद त्यांच्या हातात दिला. पहिल्या नंबरावर, बाकी सगळ्यापेक्षा मोठ्या अक्षरात, तिनं लिहिलं होतं: बाबागाडी.

फोरमनच्या कानशिलात गरम झालं. ती बाबागाडी त्यांनी स्वतः बनवली होती, मुलगा झाला तेव्हा, म्हणजे छत्तीस वर्षांपूर्वी. सांगाडा भंगारातून आणला होता. स्प्रिंगा बसच्या सीटखालच्या होत्या. ब्रेक सायकलचा, पण असा बसवलेला की गाडी उतारावर सोडली तरी जागची हलणार नाही. टप बायकोनं शिवला होता, जुन्या रेनकोटाच्या कापडाचा. तो इतकी वर्षं फाटला नव्हता. मुलगा तीत वाढला, मग नात वाढली.

"बाबा, यादीतलं काही काढायचंय का?" सुनेनं विचारलं.

"मला काय विचारतेस. सगळं ठरवून तर बसलात."

"तसं नाही. तुम्ही सांगा ना."

"मी काय सांगणार. द्या. सगळं द्या. मलाही द्या त्यांच्याकडे, चिठ्ठी लावून."

सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं गाठीकडे पाहिलं. फोरमन पाय आपटत आत गेले आणि पाच मिनिटांनी तितकेच पाय आपटत बाहेर आले. आता त्यांच्या अंगात डेपोतला जुना निळा शर्ट होता.

"पण असली घाण देणार असाल तर मी देऊ देणार नाही," ते म्हणाले. "या घरातून वस्तू बाहेर जाणार ती फिट होऊन जाणार. लोक काय म्हणतील, फोरमनच्या घरचं हे?"

त्यांना खरं तर म्हणायचं होतं की बाबागाडी ठेवा. पण जिभेवर आलं ते हे, आणि एकदा बोललेला शब्द फिरवायची सवय त्यांना कधीच नव्हती.

पुढचे चार दिवस त्या घराचा डेपो झाला. दुकानानं नियमांचा छापील कागद दिला होता: वस्तू स्वच्छ हवी, सगळे भाग हवेत, पट्टे शाबूत हवेत, बॅटरीची खेळणी चालू हवीत. हा कागद फोरमननी भिंतीला चिकटवला आणि त्यात पेनानं आणखी सात नियम घातले. उंच खुर्चीच्या सांध्यात अडकलेलं केळं वाळून सिमेंट झालं होतं. ते त्यांनी दाभणानं टोकरून काढलं आणि मुलाला दाखवलं, जणू त्यानंच ते आज सकाळी तिथे लपवलं होतं. मुलगा विमा कंपनीत साहेब होता, गळ्यात टाय घालून जायचा. संध्याकाळी तो आला की टाय सोडायच्या आत फोरमन त्याच्या हातात दात घासायचा ब्रश द्यायचे. त्यानं रबराची अकरा जनावरं घासली. बारावं बदक, त्यातून काळं पाणी निघालं तेव्हा फोरमननी त्याला सगळी पहिल्यापासून परत घासायला लावली.

लाकडी ठोकळ्यांच्या डब्यावर अठ्ठेचाळीस लिहिलं होतं, निघाले सत्तेचाळीस. सून म्हणाली, एका ठोकळ्यानं काय बिघडतं. फोरमन म्हणाले, बसच्या चाकाला आठ नट असतात, त्यातल्या एकानं काय बिघडतं ते मी तुला दाखवायला नेतो. घर उलटंपालटं करून ठोकळा मिळाला नाही, तेव्हा त्यांनी एक नवा कापून, घासून, पिवळा रंग देऊन टाकला. लाकूड कुठून आणलं हे दुसऱ्या दिवशी कळलं. ताई सकाळी तिच्या छोट्या स्टुलावर बसायला गेली आणि स्टूल तिच्यासकट एका अंगाला गेलं.

"माझ्या स्टुलाचा पाय कापलास?" ताई म्हणाली.

"चार होते."

"मग? तुला दोन आहेत, एक कापू?"

त्या दिवशी बहीणभावंडांचं बोलणं बंद झालं. ताई खिडकीत बसून, नव्या डोळ्यानं, भाऊ मागच्या अंगणात काय काय करतो ते बघत राहिली.

चौथ्या दिवशी दुपारी फक्त बाबागाडी उरली होती. फोरमननी ती उलटी केली, चाकं रॉकेलनं धुतली, आसाला ग्रीस लावलं. मग बराच वेळ नुसते बसून राहिले. आणि मग, इकडेतिकडे बघून, त्यांनी मागच्या डाव्या चाकाची पिन काढली.

ही पिन म्हणजे तारेची असते, मध्ये दुमडलेली, दोन पायांची. आसाच्या भोकातून घालायची आणि पलीकडे निघालेले दोन्ही पाय विरुद्ध बाजूंना वाकवायचे. मग नट कितीही सैल झाला तरी चाक निघत नाही. फोरमननी पिन काढली, नट दोन आटे सैल केला. चाक डुगडुगायला लागलं. दुकानवाली हात लावून बघेल, नापास करेल, गाडी घरी परत येईल, आणि आपल्याला तोंडातून एक अक्षर काढावं लागणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

हात धुवायला ते नळाशी गेले, पण नळ सोडायच्या आधीच परत फिरले. तेहतीस वर्षांत त्यांच्या हाताखालून सैल चाकाची गाडी बाहेर गेली नव्हती. ती आज जाणार, आणि तीसुद्धा लेकराची. स्वतःवरच इतके चिडले की नट आवळताना पाना बोटावर घसरला. रक्त आलं. तोंडानं स्वतःलाच नाही नाही ते बोलत त्यांनी पिन भोकात घातली, पक्कडीनं एक पाय वाकवला, दुसऱ्याला पक्कड लावली, तेवढ्यात खिडकीतून ताई गरजली.

"अरे, माझ्या स्टुलाचं काय करतोस?"

दोन दिवसांनी पहिल्यांदा ती बोलली होती, आणि तेही भांडणच होतं. फोरमन पक्कड हातात घेऊन उठले, खिडकीशी गेले आणि अर्धा तास भांडले. परत आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. त्यांनी बाबागाडी सुलटी केली, टप पुसला आणि झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मुलानं ऑफिसात अर्धी रजा टाकली, टेम्पो ठरवला आणि दोघं बापलेक दुकानात गेले. दुकानाच्या दारात पायऱ्यांऐवजी बाबागाड्या चढवायला उतार केला होता. आत एक बाई उंच टेबलामागे बसली होती. चष्मा साखळीला, हातात पेन्सिल. पूर्वी ती शाळेच्या कचेरीत होती आणि अजून कुणीही समोर आलं की तिला तो उशिरा आला आहे असंच वाटे.

एकेक वस्तू तिनं उलटीसुलटी करून बघितली. कॉट घेतली, खुर्ची घेतली. ठोकळे तिनं खरंच मोजले आणि फोरमननी मुलाकडे असं पाहिलं की मुलानं मान खाली घातली. रबराची जनावरं तिनं दाबून बघितली. "एवढं स्वच्छ कुणी आणत नाही," ती म्हणाली. फोरमनचा चेहरा जरा सैल झाला. मग ती बाबागाडीपाशी आली, भोवती एक चक्कर मारली आणि खाली वाकून कुठे काही लिहिलंय का ते बघितलं.

"कंपनीचा शिक्का कुठाय, आजोबा?"

"फोरमन म्हणा. शिक्का नाही. मी बनवली आहे."

"मग नाही घेता येणार. घरी बनवलेल्या वस्तू आम्ही ठेवत नाही. भरवसा नसतो."

हेच तर त्यांना हवं होतं. चार दिवस त्यांनी याचीच वाट पाहिली होती. फक्त "बरं" म्हणून गाडी दाराबाहेर ढकलायची होती. पण 'भरवसा नसतो' हे दोन शब्द त्यांच्या कानात गेले आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"भरवसा कुणाचा नसतो?" ते म्हणाले. "या हातानं चौदा वर्षं गाड्या पास केल्या. रोज एकशेदहा बसगाड्या. एक चाक निघालं नाही, एक ब्रेक लागायचा राहिला नाही. आणि तुम्ही शिक्का शोधताय?"

दुकानवाली म्हणाली, नियम आहे. फोरमन म्हणाले, नियम त्यांच्यासाठी असतात ज्यांना हातानं कळत नाही. ती म्हणाली, आजोबा, आवाज खाली. त्यांनी आवाज आणखी वर नेला. दुकानात दोन बाया आणि एक जोडपं होतं, ते खेळणी बघायचं सोडून हे बघायला लागले. शेवटी फोरमननी बाबागाडी ओढत दारातल्या उतारावर नेली, तोंड रस्त्याकडे केलं, ब्रेक खटकन लावला आणि मुलाला म्हणाले, "बस."

"कुठे?"

"गाडीत."

मुलगा ब्याण्णव किलोचा होता. सगळ्यांना वाटलं तो नाही म्हणेल. पण त्यानं टाय खांद्यावर टाकला, हातातली बॅग दुकानवालीकडे दिली आणि अंग टाकून, धपकन, बाबागाडीत बसला. गुडघे हनुवटीला लागले. बसच्या सीटच्या स्प्रिंगांनी एकदा 'क्याँव' केलं आणि तोलून धरलं. गाडी तसूभरही हलली नाही. मुलगा जरा वर उठला आणि परत एकदा जोरात आपटला. तरी नाही. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, पोरगं कितव्या महिन्याचं.

"अजून कुणाला बसवू?" फोरमननी विचारलं. "तुम्ही बसता?"

दुकानवालीनं चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "ठेवा," ती म्हणाली.

"असं नाही. चिठ्ठी लावा. माझ्यासमोर."

तिनं चिठ्ठी लिहिली, नंबर टाकला, दोऱ्यानं टपाला बांधली. फोरमननी दुकानाच्या कागदावर झोकात सही केली, डेपोत करायचे तशी, खाली रेघ ओढून. मग छाती काढून बाहेर पडले. रिकामा टेम्पो कोपऱ्यापर्यंत आला तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं. काचेतून टप दिसत होता. त्यांचा हात आपोआप छातीवर गेला.

"काय झालं, बाबा?" मुलानं विचारलं.

"काही नाही. नीट बघून चालवायला सांग त्याला."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच ते दारात हजर होते. दुकानवालीला म्हणाले, बाबागाडी परत द्या, विचार बदलला. असा क्षण इतक्या लवकर येईल अशी तिला आशा नसणार, पण तो आला तेव्हा तिनं तो सोडला नाही. तिनं त्यांच्याच सहीचा कागद पुढे केला आणि पेन्सिलीनं एक ओळ दाखवली: चिठ्ठी लागल्यावर वस्तू दोन महिने परत मिळणार नाही. पैसे देऊन न्यायची म्हटलं तर त्याच्याखाली आणखी एक ओळ होती: मालकानं स्वतःचीच वस्तू विकत घ्यायची नाही.

"चिठ्ठी तुम्हीच लावायला लावलीत," ती म्हणाली. "तुमच्यासमोर."

फोरमन दातओठ खात घरी आले. पण दुसऱ्या दिवशी दहाला ते परत दुकानात. घरी सांगितलं, फिरायला जातो. दुकानवालीनं विचारलं, काय हवंय. ते म्हणाले, काही नाही, बघतोय, बघायला बंदी आहे का. आणि बाबागाडीपासून चार हातांवर हात मागे बांधून उभे राहिले.

पहिलं गिऱ्हाईक एक तरुण जोडपं होतं. त्यांना टप आवडला. फोरमननी विचारलं, घर कितव्या मजल्यावर. तिसऱ्या, ते म्हणाले. लिफ्ट? नाही. "मग ही रोज तीन मजले कोण उचलणार? तुम्ही?" त्यांनी नवऱ्याच्या दंडाकडे बघितलं. जोडपं निघून गेलं. दुसऱ्या दिवशी एका बाईनं विचारलं, यात बाजारातून बटाटे आणता येतील का. तिला त्यांनी जे सांगितलं ते ऐकून ती दुकानवालीकडे तक्रार घेऊन गेली. तिसऱ्यानं एका बोटानं चाक फिरवलं आणि मोबाइल बघत बसला. त्याला फोरमन म्हणाले, ज्याला चाकाचा आवाज ऐकायला वेळ नाही त्यानं लेकरू जन्माला घालू नये.

आठ दिवसांत त्यांनी सात गिऱ्हाइकं नापास केली. दुकानवाली रोज एकदा त्यांना हाकलायची. ते दाराबाहेर जायचे, दाराची बिजागरी कुरकुरते म्हणून तेल घालायचे आणि परत आत यायचे. मग त्यांना दिसलं की एका वॉकरचं चाक उलटं बसवलंय. ते त्यांनी कुणाला न विचारता नीट केलं. मग एक उंच खुर्ची त्यांनी तिच्या टेबलावर आणून आदळली आणि म्हणाले, ही तुम्ही शिक्का बघून घेतली ना, आता हा पट्टा ओढा. तिनं ओढला. पट्टा तिच्या हातात आला. दुसऱ्या दिवशी टेबलाच्या बाजूला एक स्टूल होतं. आजोबा म्हणणं तिनं बंद केलं.

घरी ताईनं विचारलं, "फिरायला जाताना पक्कड कशाला लागते रे?"

"कुत्री असतात," फोरमन म्हणाले.

नवव्या दिवशी दुपारी एक मुलगी आली. अंगात निळा कामाचा शर्ट, पुढची बटणं लागत नव्हती म्हणून आत दुसरा. सातवा महिना असावा. नखांत काळं ग्रीस. तिनं टपाकडे बघितलंच नाही. सरळ बाबागाडी कलती केली, एकेक चाक फिरवलं, कान जवळ नेला. ब्रेक लावून ढकलून पाहिलं. स्प्रिंग दाबली आणि हसली, म्हणाली, ही तर बसच्या सीटची आहे. फोरमन स्टुलावरून उठले. त्यांच्याकडे सगळे प्रश्न तयार होते, पण तिनं एकही विचारायला जागा ठेवली नव्हती. मग ती मागच्या डाव्या चाकापाशी थांबली.

"ही पिन कुणी बसवलीय?" तिनं विचारलं.

"का? काय झालं पिनेला?"

"एक पाय वाकवलाय आणि दुसरा सरळच सोडलाय. कुणाच्या पायाला लागेल, कपडा अडकेल, पिन निघून येईल. बाकी सगळं एवढं झकास आणि इथे ही आळशी कामं." ती खरंच चिडली होती. "मी डेपोत काम करते, काका. आमच्याकडे पूर्वी एक फोरमन होता म्हणतात. असली पिन दिसली की लावणाऱ्याला गाडीखाली झोपवायचा आणि दिवसभर उठू द्यायचा नाही. म्हणायचा, बघत पड तिच्याकडे."

फोरमनना खिडकी आठवली, ताईचा आवाज आठवला, हातातली पक्कड आठवली.

"कोण होता तो?" त्यांनी विचारलं.

"काय माहीत. मेला असेल आता."

नेमकी तेव्हाच टेबलामागून दुकानवालीनं हाक मारली. "अहो फोरमन, तुमची पक्कड इथेच राहिलीय."

मुलीनं आधी पक्कडीकडे पाहिलं, मग त्यांच्या निळ्या शर्टाकडे, मग तोंडाकडे. तिचे कान लाल झाले. पण शब्द परत घेणाऱ्यांतली ती नव्हती. तिनं जाऊन पक्कड आणली आणि त्यांच्यापुढे धरली.

फोरमननी पक्कड घेतली. चष्मा कपाळावर सरकवला, आणि एकाहत्तर वर्षांचा तो माणूस, रागीट म्हणून अख्ख्या डेपोत गाजलेला, भर दुकानात जमिनीवर उताणा झोपला आणि सरपटत बाबागाडीखाली गेला. पिनेचा दुसरा पाय त्यांनी वाकवला. दोनदा दाबून बघितला. तरी बराच वेळ ते बाहेर आले नाहीत. दुकानवाली घाबरून वाकून बघायला लागली.

"काही होतंय का?"

"बघत पडलोय," खालून आवाज आला.

बाहेर आल्यावर त्यांनी कपडे झटकले, मुलीकडे न बघता चिठ्ठीचा दोरा स्वतः सोडला आणि दुकानवालीच्या टेबलावर ठेवला. "फिट आहे," ते म्हणाले. "यांना द्या." मग मुलीला सांगितलं, महिन्यातून एकदा ग्रीस, आणि टप साबणानं धुवायचा नाही, नुसत्या पाण्यानं. टप कुणी शिवला ते काही त्यांनी सांगितलं नाही. ती बाबागाडी ढकलत उतारावरून खाली गेली. चाकाचा आवाज आला नाही.

घरी सगळे चहा पीत बसले होते. फोरमन स्टुलावर, म्हणजे ताईच्या तीन पायांच्या स्टुलावर, बसायला गेले आणि पडता पडता वाचले. मग उभ्यानंच म्हणाले, "बाबागाडी विकली गेली."

सुनेनं कप खाली ठेवला. लग्न होऊन आल्यापासून तिनं सासऱ्यासमोर आवाज चढवला नव्हता. तो सगळा साठलेला त्या दिवशी निघाला.

"तुम्ही विकू दिलीत? मी ती यादीत पहिली का लिहिली होती? एवढ्या मोठ्या अक्षरात? तुम्ही नको म्हणाल म्हणून. दोनदा विचारलं मी तुम्हाला."

"मग सरळ बोलायचं, ठेवू या म्हणून."

"तुमची गाडी. मी कोण बोलणारी? आणि मी म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, अडगळ जमवता."

फोरमन म्हणाले असते, हे सगळ्यांना माहीत होतं. ते मुलाकडे वळले. "आणि तुझ्या तोंडाला काय झालं होतं? बसलास तो मोठ्या ऐटीत."

"मोडावी म्हणून बसलो," मुलगा म्हणाला. तोही चिडलेला होता. "मोडली असती तर घरी आणली असती. दोनदा आपटलो. कंबर अजून दुखतेय. तुम्ही अशी कशाला बनवलीत?"

मग ताईनं कप तोंडाला लावूनच सांगितलं, "मी तर खिडकीतून बघितलं होतं. चाक सैल केलंस तेव्हा म्हटलं, चला, अक्कल आली. मग परत आवळायला लागलास. म्हणून ओरडले. दुसरा पाय वाकवू दिला नाही मी तुला."

एका बाबागाडीसाठी घरातल्या चार शहाण्या माणसांनी चार दिवस एकमेकांपासून लपून खटपट केली होती, आणि एकानंही तोंड उघडलं नव्हतं. ज्याला त्याला दुसऱ्याचा राग आला. आठ दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. फक्त नात बोलत होती. तिला विचारलं असतं तर तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, की तिला ती गाडी तिच्या बाहुलीसाठी हवी होती.

नवव्या दिवशी फोरमननी ताईच्या स्टुलाला चौथा पाय बसवला. मग पक्कड खिशात घातली आणि दुकानात गेले, आता फिरायला जातो असं न सांगता. तिथल्या भिंतीवरच्या नियमांच्या कागदाखाली दुकानवालीनं पेन्सिलीनं एक ओळ वाढवली होती: घरी बनवलेल्या वस्तू फोरमननी पाहिल्यावर ठेवल्या जातील. तिथे ते दोन वर्षं बसले आणि लोकांवर रागावले. डेपोतली ती मुलगी महिन्यातून एकदा बाबागाडी घेऊन यायची, आत बसलेल्या लेकराला त्यांच्या मांडीवर ठेवायची आणि म्हणायची, "काका, आवाज येतोय." आवाज येत नसायचा. ते तरीही गाडीखाली जायचे.

ताईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्या वर्षी नात तिसरीत गेली. त्याच महिन्यात एका मंगळवारी सकाळी सव्वानऊला, निळा शर्ट घालून झाल्यावर आणि चप्पल घालायच्या आधी, फोरमन वारले.